निशाण कुणाच्या हाती? आम्स्टरडॅम ते एडिनबरा, एका हुद्द्याच्या मागावर

जुन्या युरोपीय पायदळाच्या कंपनीत अधिकारी तीनच: कॅप्टन, लेफ्टनंट आणि निशाण धरणारा. हा तिसरा माणूस इंग्रजीत एन्साइन, जर्मनमध्ये फेनरिख, स्वीडिशमध्ये फेनरिक. सगळ्या नावांच्या मुळाशी निशाणच आहे. स्पॅनिश आल्फेरेस तेवढा वेगळा, कारण तो अरबी 'अल्-फारिस' म्हणजे घोडेस्वार या शब्दावरून आला. पोर्तुगीजांचा हुद्दाही तोच, त्यामुळे गोव्याच्या जुन्या लष्करी कागदांत 'आल्फेरेस' दिसला तर तो हाच माणूस समजावा. रिसाल्यातल्या त्याच्या जोडीदाराला इंग्रज कॉर्नेट म्हणत.

आपल्याकडे जरीपटका कुणाच्या हत्तीवर आहे, यावरून फौजेतला मान कळायचा. इथेही खूण तीच. प्रत्येक मुक्कामावर दोन गोष्टी पाहायच्या: निशाण केवढं आणि ते कुणाच्या हातात. तेवढ्यावरून त्या सैन्याचा स्वभाव कळतो.

मार्ग आम्स्टरडॅम, पॅरिस, लंडन, एडिनबरा असा, आणि सगळा रेल्वेनं. आम्स्टरडॅम ते पॅरिस साधारण साडेतीन तास, पॅरिस ते लंडन सव्वादोन ते अडीच तास, लंडन ते एडिनबरा साडेचार तासांच्या आसपास. दहा दिवस पुरतात. भारतीय पासपोर्टवर दोन व्हिसा लागतात, शेंगेन आणि ब्रिटनचा. एडिनबराहून परतताना पुन्हा युरोपात उतरायचं असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा मागा. इथे चूक झाली तर परतीचं तिकीट वाया जातं.

आम्स्टरडॅमला राइक्सम्युझियमचं तिकीट वेळ ठरवून ऑनलाइन काढावं लागतं. सकाळी नऊची पहिली वेळ घ्या आणि थेट दुसऱ्या मजल्यावरच्या मुख्य दालनात जा. साडेदहानंतर रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'पुढे इतकी गर्दी होते की मागचे चेहरे दिसतच नाहीत, आणि आपला माणूस नेमका मागे उभा आहे. १६४२ सालच्या या चित्रात पुढे कॅप्टन बानिंग कॉक आणि लेफ्टनंट रायटेनबुर्ख. त्यांच्या मागे डावीकडे, उंचावर, निळं-सोनेरी निशाण वर धरलेला यान व्हिसर हा कंपनीचा निशाणबरदार. २०१९ पासून या चित्रावर काचेच्या खोलीत अभ्यास आणि दुरुस्तीचं काम चालू आहे. जाण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर सद्यस्थिती बघून घ्या.

डच नागरी दलांत निशाण धरणारा अविवाहित असावा असा दंडक होता. लढाईत बंदुका आधी त्याच्यावर रोखल्या जाणार, मग मागे विधवा आणि पोरकी मुलं नकोत. ही जागा श्रीमंत घरातल्या तरुणांकडे जायची, कारण कपडे झगझगीत हवेत आणि खर्च स्वतःचा. ते प्रत्यक्ष पाहायचं तर फ्रान्स हाल्सनं सुरू केलेलं आणि पीटर कोड्डेनं १६३७ मध्ये पुरं केलेलं कंपनीचं मोठं चित्र शोधा. अगदी डाव्या टोकाला नखशिखान्त मोतिया-राखाडी पोशाखातला तरुण उभा आहे, एक हात कमरेवर. बाकीच्या काळ्या कपड्यांतून तो लांबूनच उठून दिसतो. त्याचं उठून दिसणं हेच त्याचं काम होतं. रेम्ब्रांटचं १६३६ चं 'निशाणबरदार' हे चित्र डच सरकारच्या पुढाकारानं १७.५ कोटी युरोंना विकत घेतलं गेलं. ते कोणत्या दालनात आहे हे दारातच विचारा, शोधण्यात वेळ घालवू नका.

जर्मन भाडोत्री पायदळात निशाणाला आणि त्याखालच्या तीन-चारशे माणसांच्या तुकडीला एकच शब्द होता, फेनलाइन. निशाण हरवलं म्हणजे तुकडीच राहिली नाही. धूर भरलेल्या रणात 'आपली माणसं कुठं' या प्रश्नाला तेवढं एकच उत्तर असायचं. म्हणून ते धरायला साधा शिपाई न ठेवता अधिकारी ठेवला.

पॅरिसमध्ये अँव्हालीदचं सैन्य संग्रहालय. मेट्रोचं ला तूर-मोबूर स्थानक सोयीचं. तिकिटातच नेपोलियनची कबर येते. काही दालनं नूतनीकरणासाठी बंद असतात, म्हणून 'लुई चौदावा ते नेपोलियन तिसरा' हा विभाग उघडा आहे का, ते तिकीट काढण्यापूर्वी बघा. तो बंद असेल तर या विषयापुरतं तिथे फार थोडं उरतं.

फ्रान्सनं पायदळातला 'आंसेन्य' हा हुद्दा अठराव्या शतकातच काढला आणि त्या जागी सू-लेफ्टनंट आणला. जुनं नाव आज फक्त नौदलात आहे. मग निशाण कुणी धरायचं? १८ फेब्रुवारी १८०८ च्या हुकुमात नेपोलियननं याचं उत्तर दिलं, आणि युरोपात ते सगळ्यांत कठोर होतं. गरुडध्वज, म्हणजे काठीच्या टोकाला धातूचा गरुड असलेलं निशाण, धरणारा पहिला माणूस अधिकारी, पण किमान दहा वर्षं नोकरी झालेला किंवा ऑस्टर्लिट्झ, येनासारख्या मोहिमा पाहिलेला. त्याच्या दोन बाजूंना दोघे रक्षक: दहा वर्षं जुने, शूर, पण लिहिता-वाचता येत नसल्यानं बढती अडकलेले शिपाई. त्यांच्याकडे भाल्यासारखं हत्यार आणि पिस्तुलं. आता कपाटातला गरुड जवळून पाहा. उंची सुमारे ३१ सेंटिमीटर, वजन पावणेदोन किलोंच्या वर, खाली जेमतेम ८० सेंटिमीटर चौरस कापड. खरं महत्त्व धातूच्या पक्ष्याला आहे. वारा आला तरी कापड फार ओढत नाही, आणि धरणारा माणूस कसलेला.

आवारातल्या सेंट लुई चर्चमध्ये शत्रूकडून जिंकलेली निशाणं वर टांगलेली दिसतात. पूर्वीच्या मानानं ही थोडीच. मार्च १८१४ मध्ये पॅरिस पडणार हे दिसताच मार्शल सेरुरिएनं चौदाशेच्या वर निशाणं याच आवारात जाळून टाकली, शत्रूच्या हाती परत जाऊ नयेत म्हणून. वर पाहताना मान दुखते. छोटी दुर्बीण बरोबर ठेवा, पुढे एडिनबरालाही लागेल.

गार दू नॉर स्थानकावर युरोस्टारसाठी किमान दीड तास आधी पोहोचा. फ्रान्समधून बाहेर पडण्याचा आणि ब्रिटनच्या प्रवेशाचा, दोन्ही तपास तिथेच होतात. आणि एक फार महत्त्वाचं: रणांगणाजवळच्या दुकानांतून घेतलेली जुनी काडतुसं, रिकामे तोफगोळे, शोभेच्या तलवारी या गाडीत चालत नाहीत. निकामी असल्या तरी चालत नाहीत. सामान क्ष-किरणातून जातं आणि वस्तू काढून घेतली जाते. असलं काही घेऊच नका.

लंडनला किमान तीन दिवस द्या. पहिला अर्धा दिवस चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियमला. प्रवेश मोफत, स्लोन स्क्वेअर स्थानकापासून दहा-बारा मिनिटं चालत. उघडण्याचे वार आधी तपासा. ब्रिटिश निशाण प्रत्यक्ष पाहिल्यावर पॅरिसमधला फरक अंगावर येतो. १७६८ च्या नियमानुसार कापड साडेसहा फूट लांब, सहा फूट उंच, काठी नऊ फूट दहा इंच. रेशमाची एवढी चादर, आणि धरणारा बरेचदा सोळा-सतरा वर्षांचा. १८११ च्या स्पेनमधल्या अल्बुएराच्या लढाईत बफ्स पलटणीचं निशाण धरून मारला गेलेला एन्साइन एडवर्ड थॉमस सोळा वर्षांचा होता. नेपोलियनच्या शेवटच्या लढाईत, १८१५ च्या वॉटर्लूला, रॉयल स्कॉट्सचा एन्साइन केनेडी तेवढ्याच वयाचा. जोराच्या वाऱ्यात या मापाचं कापड शिडासारखं माणसाला ओढतं. भिजलं तर काठी खांद्यावर टेकवल्याशिवाय गत्यंतर नाही.

मग ब्रिटिशांनी पोरांच्या हाती का दिलं? कारण हुद्दा विकत मिळायचा. १८२१ च्या दरपत्रकात पायदळातल्या एन्साइनची किंमत ४५० पौंड, रिसाल्यातल्या कॉर्नेटची ८४०, फूट गार्ड्समध्ये, म्हणजे राजाच्या पहाऱ्याच्या पायदळात, १,२००. कॅप्टन व्हायला पायदळात १,८००. सगळ्यांत स्वस्त पायरी हीच, म्हणून घरातला धाकटा मुलगा इथून आत शिरायचा. लढाईत मेला तर ते पैसेही बुडायचे. आसईच्या लढाईतला सेनापती आर्थर वेलस्ली ७ मार्च १७८७ ला याच हुद्द्यावर सैन्यात आला, वय सतरा. पुढे २३ सप्टेंबर १८०३ ला आज जालना जिल्ह्यात असलेल्या आसईवर ७४ व्या पलटणीची धूळधाण झाली, आणि त्याबद्दल तिला कंपनी सरकारकडून मानाचं तिसरं निशाण मिळालं.

पोरांना सांभाळायला अनुभवी सार्जंट लागायचे. म्हणून १८१३ मध्ये कलर सार्जंट (कलर म्हणजे निशाण) हा खास हुद्दा निघाला. वॉटर्लूवर ४० व्या पलटणीच्या सार्जंट विल्यम लॉरेन्सला निशाणाशी उभं राहायला सांगितलं, तेव्हा त्याच्याआधी त्या दिवशी चौदा सार्जंट तिथे पडले किंवा जखमी झाले होते.

१८७१ मध्ये हुद्दा विकत घेण्याची पद्धत बंद झाली, एन्साइन आणि कॉर्नेट हे हुद्दे गेले, आणि १८७७ पासून त्यांच्या जागी सेकंड लेफ्टनंट आला. २८ जानेवारी १८८१ ला दक्षिण आफ्रिकेत लेइंग्ज नेक इथे ब्रिटिश पलटणीनं शेवटचं निशाण लढाईत नेलं. फूट गार्ड्समध्ये मात्र सेकंड लेफ्टनंटला आजही एन्साइन म्हणतात, ब्लूज अँड रॉयल्स या रिसाल्याच्या पलटणीत कॉर्नेट. तो जिवंत एन्साइन पाहणं हा या प्रवासाचा गाभा.

सोपा मार्ग म्हणजे बकिंगहॅम राजवाड्याची पहारा-बदली. ठरलेल्या वारांना सकाळी अकराला सुरू होते. वार ऋतूनुसार बदलतात, पावसात रद्दही होते. कुंपणाला चिकटायचं तर साडेनऊपर्यंत पोहोचा. ते नको असेल तर साडेदहाच्या सुमारास सेंट जेम्स राजवाड्याच्या फ्रायरी कोर्टपाशी उभे राहा: गर्दी कमी, आणि जुना पहारा निशाण घेऊन तिथूनच निघतो. एन्साइनचा उजवा हात बघा. काठीचं टोक पांढऱ्या पट्ट्याच्या खोबणीत असतं, आणि चालताना कापडाचा कोपरा त्याच मुठीत काठीशी आवळलेला असतो. सलामीच्या क्षणी बोटं सुटतात आणि निशाण एकदम फडकतं. वारा समोरून असेल तर पुढचा खेळ त्याच्या मनगटाचा. फोटो काढायचा तर त्या सुटण्याच्या क्षणासाठी आधीच तयार राहा, नंतर उशीर होतो.

जूनमधल्या ट्रूपिंग द कलर या निशाण-संचलनाची तिकिटं सोडतीनं मिळतात; अर्ज साधारणपणे वर्षाच्या सुरुवातीला. नंबर लागला नाही तर आधीच्या शनिवारांच्या दोन रंगीत तालमींसाठीही अर्ज करता येतो, आणि अभ्यासासाठी तालीमच बरी. मॉल रस्त्यावर फुकट उभं राहता येतं, पण तिथून फक्त मिरवणूक दिसते. मूळ विधी हॉर्स गार्ड्सच्या मैदानावर होतो. एन्साइन आधी तलवारीनं निशाणाला सलामी देतो, मग ते हाती घेतो, आणि संथ पावलांनी रांगांपुढून नेतो. एकेकाळी हे कवायतीचं रोजचं काम होतं: आपलं निशाण प्रत्येक शिपायानं ओळखावं म्हणून. टोपी आणि पाणी न्या. दोन तास उन्हात हलायला जागा नसते.

एडिनबराच्या किल्ल्याचं तिकीट ऑनलाइन स्वस्त पडतं. आत रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्सचं संग्रहालय त्याच तिकिटात. तिथे वॉटर्लूला सार्जंट चार्ल्स एवर्टनं ४५ व्या फ्रेंच पलटणीचा जिंकलेला गरुड आहे. पॅरिसमध्ये गरुड पाहून आलेल्याला तो लगेच ओळखू येतो. या पराक्रमाबद्दल एवर्टला १८१६ मध्ये एन्साइन केलं. इतरांना पैसे मोजून मिळणारी पायरी त्याला अशी मिळाली. त्याची कबर किल्ल्याच्या दाराबाहेरच्या एस्प्लनेडवर आहे, तिकीट लागत नाही. उन्हाळ्यात लष्करी संचलनाच्या टॅटू सोहळ्यासाठी तिथे प्रेक्षकांचे उंच मंच उभारतात आणि कबरीपाशी जायला अडचण होते. तेवढ्यासाठी जायचं तर मे किंवा ऑक्टोबर निवडा.

उतारानं खाली आलं की सेंट जाइल्स चर्च. निवृत्त निशाणं धुतली वा शिवली जात नाहीत, चर्चमध्ये टांगून ठेवतात आणि आपोआप विरू देतात. मधल्या दालनात स्कॉटिश पलटणींची निशाणं खांबांवर आहेत. काहींचं रेशीम इतकं गेलंय की आरपार दिसतं. दुर्बिणीतून लढायांची नावं वाचायची असतील तर दुपारी जा, उजेड बरा असतो.