सदस्य झाले खरी, पण ऑर्डर कुठे लिहिता येत होती

दोन-तीन जणांनी विचारलं की तुम्ही वकील नाही मग निकाल कसे देता, म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते. मी जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे जिथे ग्राहकांच्या तक्रारींचे निकाल लागतात तिथे, सदस्य आहे. त्याआधी ठाण्यात कॉलेजमध्ये सतरा वर्षं कॉमर्स शिकवलं, कोर्टाची पायरी चढले ती फक्त एकदा, स्वतःच्या फ्लॅटसाठी, आणि त्या एकदाचाच पुढे किती त्रास झाला ते सांगते.

निवडीचं थोडक्यात सांगते कारण त्यात फार काही नाही. ग्राहक कायद्याप्रमाणे सदस्य वकीलच हवा असं नाही, कॉमर्स, फायनान्स, इंजिनिअरिंग, सार्वजनिक आरोग्य अशा क्षेत्रांतला अनुभव चालतो, वय किमान ३५ आणि पदवी हवी. अनुभवाची अट २०२० च्या नियमात १५ वर्षं होती ती मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने १० वर आणली आणि सोबत लेखी परीक्षा पण लावली. दोन पेपर, प्रत्येकी १०० मार्कांचे, दुसऱ्यात निबंध आणि एक केस देऊन त्यावर ऑर्डर म्हणजे निकालपत्र लिहायला सांगतात, शिवाय ५० मार्कांची तोंडी. ऐरोली ते ठाणे ट्रेनमध्ये उभ्याउभ्या कायद्याचं पुस्तक वाचून अभ्यास केला, झाले पास, विषय संपला. पण परीक्षेतली केस असते दोन पानांची. खरी फाईल दोनशे पानांची असते आणि त्यातली चाळीस पानं एकाच पावतीच्या झेरॉक्स.

मग आलं ट्रेनिंग. मला वाटलं कलमं शिकवतील. कलम ३५ तक्रार, ३८ कार्यपद्धती, ३९ काय काय देता येतं, ६९ मुदत दोन वर्षं, सगळं पाठ करून गेले होते मी, पहिल्या बाकावर बसायच्या तयारीने. शिकवायला एक रिटायर्ड डिस्ट्रिक्ट जज होते, आम्ही सगळे सरच म्हणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एकच फाईल दिली, नावं-गावं बदललेली, बिल्डरने ताबा उशिरा दिल्याची केस, आणि म्हणाले संध्याकाळपर्यंत ऑर्डर लिहा. बस. कायद्याचं एक अक्षर नाही.

आता माझं सांगते. घणसोलीतला आमचा फ्लॅट आम्हाला ठरल्यापेक्षा तीन वर्षं उशिरा मिळाला होता, भाडं पण भरतोय आणि हप्ता पण, मुलगा तेव्हा बालवाडीत, त्या काळात आमच्या घरात बिल्डर हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. त्यामुळे ती फाईल उघडली आणि तिसऱ्या पानावर माझा निकाल लागला सुद्धा! उरलेली पानं मी वाचली ती निकालाला आधार शोधायला. सहा पानी ऑर्डर लिहिली, एकदम जोरदार, "निर्दयीपणे", "सर्वसामान्य ग्राहकाची घोर फसवणूक" असली वाक्यं टाकून, आणि मला मनातून वाटलं की सर वाचून दाखवतील सगळ्यांना.

वाचून दाखवली. म्हणजे तसं नाही. सरांनी विचारलं, "मॅडम, सहा पानांत सामनेवाल्यांचं म्हणणं किती ओळी आहे?" मी मोजलं. चार. (सामनेवाले म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, आमच्या ठाणे-मुंबईकडे ऑर्डरमध्ये असं लिहितात, पुण्याकडच्या ऑर्डरीत जाबदेणार दिसतं, कॉमर्सवालीला हे शिकायलाच आठवडा लागला.) त्या चार ओळींत मी त्यांचा मुख्य मुद्दा घेतलाच नव्हता. तक्रारदाराने स्वतः तीन हप्ते थकवले होते आणि त्याची पत्रं फाईलमध्ये लावलेली होती. पान १३७ की असंच काहीतरी. मी ते पान उलटलं होतं, वाचलं नव्हतं. आणि गंमत अशी की बाकी अर्ध्या लोकांनी ते पकडलं, एक माजी इंजिनिअर होते त्यांनी तर तारखांचा तक्ताच काढला होता, उशीर किती कुणामुळे, आणि त्यांनीही तक्रार मंजूरच केली होती, पण अंशतः. तक्रारदार कुणाच्याच ऑर्डरमध्ये हरला नव्हता, फक्त त्यांच्या ऑर्डरला कारणं होती आणि माझ्या ऑर्डरला राग होता.

सर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले की ऑर्डर ही हरणाऱ्यासाठी लिहायची असते, जिंकणारा शेवटची ओळ वाचून घरी जातो. रात्रीचं जेवण काही गेलं नाही त्या दिवशी.

पुढचे चार दिवस मग तेच. तक्रार वाचा, आपला कल कागदावर लिहा, घडी घालून बाजूला ठेवा. मग लेखी कैफियत, म्हणजे सामनेवाल्यांचं उत्तर, वाचा, परत कल लिहा. मग पुरावा. शेवटी तिन्ही चिठ्ठ्या उघडा. माझ्या चिठ्ठ्या पहिल्या दोन दिवसांत सारख्याच यायच्या, तिन्हीवर तक्रारदार. मुद्दे आधी काढायचे, तक्रारदार ग्राहक आहे का, सेवेत त्रुटी शाबीत होते का, आदेश काय, समोर निष्कर्षाचा रकाना रिकामा ठेवायचा आणि कारणमीमांसा लिहून झाल्यावरच तो भरायचा. ऐकायला बाळबोध वाटतं, करून बघा. हात सारखा त्या रकान्याकडे जातो.

एक दिवस मुदतीवर गेला. सामनेवाल्यांनी कैफियत ३० दिवसांत द्यायची, आयोग फार तर १५ दिवस वाढवून देऊ शकतो, ४६ व्या दिवशी आली तर घेता येत नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हे पक्कं केलं. मला हे फार आवडलं, साहजिक आहे. पण लगेच दुसरी फाईल आली ज्यात कैफियत नव्हतीच, आणि तक्रारदाराकडेही सही केलेल्या कोऱ्या फॉर्मशिवाय काही नव्हतं. एकतर्फा चाललं म्हणजे आपोआप मंजूर होत नाही, तक्रारदाराला आपली केस शाबीत करावीच लागते. त्यात मी पास झाले एकदाची.

घरी वेगळंच ट्रेनिंग चालू होतं. सरावाची ऑर्डर मी आईला मोठ्याने वाचून दाखवायचे (खरी केस नाही हं, खऱ्या केसबद्दल मी घरी चकार शब्द काढत नाही). "सामनेवाले क्रमांक १ व २ यांनी वैयक्तिक व संयुक्तरीत्या" इथपर्यंत आले की आई विचारायची, म्हणजे पैसे नक्की कोण देणार? दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण वसूल करता येतात हे तिला समजावताना मला कळलं की ते मलाच धड कळलेलं नव्हतं.

रुजू झाल्यावर पहिली खरी ऑर्डर लिहिली तेव्हा वाटलं आता जमलं. आयोगाच्या अध्यक्षांनी मसुदा वाचला, पेन्सिलने एकच गोल केला. रक्कम ९ टक्के व्याजाने परत द्यावी असं लिहिलं होतं, पण कुठल्या तारखेपासून ते नव्हतं! पैसे भरल्यापासून की तक्रार दाखल केल्यापासून, एवढं राहिलं असतं तर माणूस जिंकून वर दरखास्तीत, म्हणजे निकालाच्या वसुलीत, वर्षभर व्याजावरच भांडत बसला असता. आजही सही करायच्या आधी मी फक्त आदेशाचा भाग वेगळा वाचते, कोणी, कोणाला, किती, कधीपासून, किती दिवसांत.

आणि बिल्डरच्या केसेस. सुरुवातीला वाटलं अशा केसमधून बाजूलाच व्हावं. अध्यक्ष म्हणाले तुमचा स्वतःचा बिल्डर असेल तर जरूर बाजूला व्हा, पण प्रत्येक बिल्डर तुमचा नाही, आणि असं म्हटलं तर मोबाईल कंपनीच्या केसला कोण बसणार. बरोबरच आहे. तेव्हापासून बिल्डरची फाईल आली की सामनेवाल्यांची कैफियत मी आधी वाचते, तक्रार नंतर. पद्धत उलटी आहे, सरांना सांगितली तर हसतील, पण माझ्यासारखीला लागते.

मध्यंतरी एक काका यायचे, वकील नाही, पिशवीत सगळे कागद, तारखेला सगळ्यांच्या आधी हजर. मनापासून वाटत होतं त्यांचं व्हावं. कागद बोलत नव्हते, एक मुद्दा मंजूर आणि मोठा मुद्दा नामंजूर झाला. त्या ऑर्डरवर मी जितका वेळ घालवला तितका कुठल्याच नाही, नामंजूर मुद्द्याची कारणं तीन वेळा लिहिली. निकालानंतर काही दिवसांनी आमच्या ऑफिसमधल्या क्लार्क म्हणाल्या, मॅडम ते काका प्रत घेऊन बाहेर बाकावर तासभर बसले होते, लाल पेनाने खुणा करत होते, आणि विचारत होते अपिलाला ४५ दिवस आहेत ना, मुद्दा क्रमांक दोनमध्ये मॅडमची एक तारीख मला पटलेली नाही.

मी ती तारीख परत काढून बघितली. बरोबर आहे असं मला अजून तरी वाटतं.