आयत कोणता?

इंटर्नशिपचा सहावा आठवडा चालू होता. पीएचडी करणाऱ्यांसाठीची, घरूनच करायची संशोधन इंटर्नशिप. माझ्याकडे काम होतं ते असं: चाचणीची भाषा ज्यांच्या घरात बोलली जात नाही, त्या मुलांना गणिताच्या चाचणीतले काही प्रश्न विनाकारण जड जातात का, ते शोधायचं.

डेटा माझ्या लॅपटॉपवर कधीच आला नाही. सुरक्षित सर्व्हरवर लॉगिन करायचं आणि तिथेच काम करायचं. एक आकडाही कॉपी करून बाहेर काढता येत नाही. प्रश्नांचा मजकूर तर इंटर्नला दाखवतच नाहीत, कारण त्यातले काही प्रश्न पुढच्या वर्षी पुन्हा वापरायचे असतात. त्यामुळे माझ्या दृष्टीने प्रत्येक प्रश्न म्हणजे एक क्रमांक आणि त्याखाली अ, ब, क, ड यांचा लांबलचक रकाना. मुलं काय वाचत होती हे मला ठाऊक नव्हतं, त्यांनी कुठे खूण केली एवढंच दिसत होतं.

पहिल्याच आठवड्यात माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या, "बरोबर पर्यायाकडे सगळेच बघतात. तू चुकीच्या पर्यायांकडेही बघत जा." म्हणून मी नेहमीच्या तपासणीच्या कोडमध्ये एक ओळ वाढवली होती. एरवी एवढंच बघतात की उत्तरतालिकेतला पर्याय निवडणाऱ्या मुलांचे एकूण गुणही चांगले आहेत ना. हा सहसंबंध ठरलेल्या मर्यादेच्या वर असला की प्रश्न पास. माझी जादाची ओळ विचारत होती, की एखादा "चुकीचा" पर्यायही हुशार मुलांना ओढतोय का?

त्या दिवशी दुपारी सतरा क्रमांकाचा प्रश्न लाल झाला. उत्तर होतं ब, आणि त्याचा सहसंबंध मर्यादेच्या जेमतेम वर. पण क निवडणारी मुलं सरासरीने अधिक गुण मिळवणारी होती.

पहिला संशय अर्थातच स्वतःवर. या चाचणीच्या दोन पुस्तिका होत्या आणि दोन्हीत पर्यायांचा क्रम वेगळा. तो क्रम जुळवताना रकाना सरकला असणार, असं धरून मी दोन तास कोड उलटापालटा केला. दोन्ही पुस्तिका वेगवेगळ्या चालवून पाहिल्या. एकूण गुणांतून सतरावा प्रश्न वगळून पाहिला, कारण प्रश्न स्वतःच्याच बेरजेत असला तर सहसंबंध फुगतो. वगळल्यावर चित्र पुसट व्हायच्या ऐवजी अधिकच ठसठशीत झालं.

मग मुलांचे गुणांनुसार पाच गट पाडले आणि प्रत्येक गटातली किती मुलं कोणता पर्याय निवडतात याच्या रेषा काढल्या. सर्वांत खालच्या गटात चारही पर्यायांवर विखुरलेल्या खुणा. मधल्या गटांत ब ची रेषा झपाट्याने वर. आणि शेवटच्या, सर्वांत वरच्या गटात ब खाली वळलेली, क चढलेली. चांगल्या प्रश्नात बरोबर उत्तराची रेषा अशी शेवटच्या पायरीवर माघार घेत नाही. दोन्ही वळणं एका सरासरीत मिसळली, की मर्यादा कशीबशी ओलांडली जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

सगळ्यात अस्वस्थ मी झाले ते माझ्या मूळ कामाचा निकाल उघडल्यावर. मँटेल आणि हेन्झेल यांची १९५९ ची पद्धत, जी १९८८ मध्ये पॉल हॉलंड आणि डोरोथी थेअर यांनी चाचण्यांसाठी वापरायला घेतली, तिच्यावरच माझा सगळा अभ्यास उभा होता. सारख्याच क्षमतेची दोन गटांतली मुलं शेजारी ठेवायची, बरोबर उत्तराची त्यांची शक्यता पडताळायची आणि येणाऱ्या गुणोत्तराच्या लॉगला (लॉगॅरिदमला) उणे २.३५ ने गुणून एक आकडा काढायचा. तो दीडच्या पलीकडे गेला तर धोक्याची घंटा. सतराव्या प्रश्नाचा आकडा शून्याला चिकटून होता. ए श्रेणी, म्हणजे निर्दोष. आणि ते बरोबरच होतं! ही पद्धत एका गटाची दुसऱ्याशी तुलना करते. प्रश्न दोन्ही गटांवर सारखाच अन्याय करत असेल तर तिला काही दिसत नाही. सहा आठवडे मी "न्याय्य आहे का" हे विचारत होते, पण त्यातला एकच कोपरा तपासत होते.

संध्याकाळी मॅडमना कॉल लावला. त्यांची तेव्हा सकाळ. रेषा बघून त्या म्हणाल्या, "थांब, प्रश्न उघडायची परवानगी घेते." स्क्रीन दाखवायला मनाई, म्हणून त्यांनी वाचून दाखवला आणि मी पेन्सिलने कागदावर काढत गेले.

"खालीलपैकी आयत कोणता? अ, समांतरभुज चौकोन, तिरका. ब, आडवा लांबट आयत. क, चौरस. ड, समलंब."

क च्या चौकटीत चौरस काढताना माझा हात थांबला. पलीकडूनही काही ऐकू येईना. चारही कोन काटकोन, समोरासमोरच्या बाजू समान. प्रत्येक चौरस हा आयतच असतो. ज्या मुलांनी आयताचं चित्र पाठ केलं होतं त्यांना गुण मिळाला. ज्यांनी व्याख्या समजून घेतली होती त्यांच्यापुढे दोन बरोबर उत्तरं होती, आणि त्यातलं क लिहिलं तर शून्य. दहा-अकरा वर्षांचं एखादं मूल तिथे पेन्सिल चावत बसलं असेल, "चौरस पण आयतच ना?" असं मनात म्हणत, ते मला त्या कागदावर अगदी समोर दिसलं.

"रद्द करायचा का?" मी विचारलं.

"रद्द केला तर ब लिहिणाऱ्यांचाही गुण जातो, त्यांनी काय चूक केली? दोन्ही उत्तरं ग्राह्य धरायची शिफारस कर. मग प्रश्न पहिल्यापेक्षा सोपा होईल, त्याची काठिण्यपातळी नव्याने काढावी लागेल. निकाल अजून लागलेला नाही, वेळ आहे."

मी मान हलवली, आणि तेवढ्यात यादीत सतराव्यापुढचं छोटं चिन्ह दिसलं. अँकर. दोन वर्षांच्या चाचण्या एकाच मापावर आणण्यासाठी जे मोजके प्रश्न दोन्हीकडे तसेच ठेवतात, त्यातला हा एक होता.

"मॅडम, हा गेल्या वर्षीही होता."

त्या जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अँकरमधून काढ आणि दोन्ही वर्षांची मापं पुन्हा जुळव. आणि गेल्या वर्षीच्या फाइलवर हाच आलेख काढ."

"पण तो निकाल तर देऊन झालाय."

"म्हणूनच काढ. मेमोत दोन्ही वर्षं लिही. पुढे पाठवायचं काम माझं."

रात्री मी गेल्या वर्षीची फाइल उघडली. पुन्हा पाच गट, चार रेषा. शेवटच्या गटात ब खाली, क वर, हुबेहूब तसंच वळण. मेमोत दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले. खाली एक तक्ता केला, दोन्ही वर्षांत क लिहिणाऱ्या मुलांच्या संख्येचा, आणि त्यातल्या किती मुलांची श्रेणी तेवढ्या एका गुणाने बदलते त्याचा. दुसरा रकाना मी तीनदा मोजला.