सँपल जपून मागा: पेठांमधली खाऊफेरी

कसबा गणपतीपासून निंबाळकर तालमीपर्यंत नुसतं चालत गेलं तर अर्धा तास पुरतो. खाऊफेरीला साडेतीन तास लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ जागा मिळण्याची वाट बघण्यात जातो. म्हणून पुण्याच्या पेठांमधून गट नेताना मी आठाच्या वर माणसं घेत नाही. जुन्या उपाहारगृहांत टेबलं चौघांची, आणि आधी सांगून जागा धरून ठेवायची पद्धत नाही. आठजणांना दोन टेबलं लागतात, ती थोड्या वेळात मिळतात. दहा झाले की दोघं दारात उभे राहतात आणि आतले त्यांच्याकडे बघत घाईघाईने घास गिळतात.

सकाळी आठला कसबा गणपतीपाशी जमायचं आणि आधी तांबट आळी गाठायची, रिकाम्या पोटीच. पत्र्यावर हातोडीचे ठोके पडून जी नक्षी उठते तिला मठार म्हणतात. ती नुसती शोभेची नसते, ठोक्यांनी मऊ तांबं कडक होतं. आतून कल्हई का लागते तेही इथेच सांगून टाकतो: आंबट पदार्थ उघड्या तांब्यापितळेत कळकतो. कारागिरांच्या हातोडीजवळ गर्दी करायची नाही आणि फोटो विचारूनच काढायचा.

मग फडके हौद. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पाणी शहरात आणलं गेलं, पेठांच्या पत्त्यांत अजून इतके हौद सापडतात ते काही उगाच नाही. इथलं वैद्य उपाहारगृह १९१२ सालचं, आणि मिसळ हिरव्या वळणाची. तिखटपणा मिरची-आल्याचा, लाल तर्रीचा नाही. कोल्हापुरी मिसळ डोक्यात ठेवून आलेला माणूस पहिल्या घासाला गोंधळतो, म्हणून हे बसण्याआधीच सांगावं लागतं.

फेरी बिघडते ती इथेच. दोघांत एक प्लेट आणि माणशी एक स्लाइस, एवढंच मागवायचं. पण रस्सा संपला की कोणीतरी सँपल, म्हणजे वरचा जादा रस्सा, मागतो. सँपल आलं की स्लाइस कमी पडतो, स्लाइस आला की पुन्हा सँपल. साडेनऊला पोट तुडुंब, आणि पुढचे तीन थांबे नुसते बघण्याचे होतात. टेबलामागे एक सँपल, दुसरं नाही, हे मी आधीच ठरवून घेतो. तिखट न झेपणाऱ्यांनी रस्सा वेगळा घ्यावा आणि फरसाणावर चमच्याने सोडावा. शेंगदाण्याचं वावडं किंवा कांदा-बटाटा वर्ज्य असेल तर आदल्या दिवशीच विचारून ठेवतो, कारण मिसळीतून बटाटा काढून देता येत नाही.

पुढे मंडई. अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत १८८६ सालची, तेव्हाचं नाव रे मार्केट. तिच्यावरच्या खर्चाला जोतिराव फुल्यांनी विरोध केला होता. पुढे नाव त्यांचंच लागलं. इथे काही खायचं नसतं, मिसळ जिरवायची असते. हंगामाची भाजी बघत वीस-पंचवीस मिनिटं काढायची. ओल्या फरशीवर गुळगुळीत तळाची चप्पल घसरते, तेव्हा पट्ट्याची घालून या.

तुळशीबागेत दहाच्या आत शिरलं तर चालता येतं, नंतर लोटत जावं लागतं. जवळच जिलब्या मारुती. शेजारच्या हलवायाने जिलब्यांची माळ घातली म्हणून हे नाव पडलं म्हणतात. पुण्यात देवालासुद्धा टोपणनाव चुकत नाही! इथे माणशी एकच गरम जिलबी, तीही उभ्याने.

तारीख धरताना कॅलेंडर बघायलाच हवं. संकष्टीला कसबा गणपतीपाशी रांग असते आणि अर्ध्या गटाला उपवास असतो; त्या दिवशी मिसळीऐवजी साबुदाणा खिचडीवर भागवावं लागतं. गणेशोत्सवाचे दहा दिवस सरळ सोडून द्यावेत. साप्ताहिक सुट्ट्या दुकानागणिक वेगळ्या, त्यामुळे आदल्या संध्याकाळी प्रत्येक ठिकाणी चौकशी करतो. सुट्टे पैसे आणि पाण्याची बाटली प्रत्येकाची आपापली.

मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं दाट दूध, शेवटी, निंबाळकर तालमीपाशी. मिसळ आणि तिच्यात निदान दीड तास जावा; तिखट रश्श्यावर लगेच एवढं गार, दाट दूध गेलं की पोट जड होतं. एक ग्लास दोघांना पुरतो. वरचं आइस्क्रीम आधी चमच्याने थोडं खाऊन घ्यावं, लगेच ढवळलं तर ग्लासाबाहेर येतं. एप्रिल-मेमध्ये आंब्याचीच घ्यावी, एरवी पिस्ता.

बाकरवडी वाटेत बाजीराव रस्त्यावर बांधून घ्यायची, पण पाकीट तिथे फोडायचं नाही. दमट हवेत ती तासाभरात मऊ पडते, पावसाळ्यात तर त्याही आधी.