आमची वाटचाल : बाळ सांभाळण्याचं काम

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका प्लेग्रुपमध्ये शिकवत होते. मोठ्यांची शाळा मोबाइलवर सुरू झाली, पण अडीच-तीन वर्षांच्या मुलांची कशी होणार? पगार आधी निम्मा झाला, मग थांबला. चालकांचाही नाइलाज होता, जागेचं भाडं त्यांच्या अंगावर होतं. दुसरी नोकरी मिळेपर्यंत काहीतरी करणं भाग होतं, आणि लहान मुलांत रमणं सोडून मला दुसरं काही येत नव्हतं.

पहिला फोन जुन्या पालकांचाच आला. आई दवाखान्यात नर्स, वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत. "ताई, शाळा बंद झाली पण आमची ड्युटी कुठं बंद हाय? तुम्ही घरी येऊन बघता काय पोराकडं?" दोघांची ड्युटी एकाच वेळी आली की तेवढेच दिवस त्यांना कोणीतरी हवं होतं. उरलेला आठवडा माझा मोकळा. मग ताराबाई पार्कातलं एक घर मिळालं, तिथे आईची बाळंतपणाची रजा संपून बँक सुरू होणार होती. तिसऱ्या घरी आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना दोन दुपारपुरता हातभार हवा होता. एका घराला पूर्ण वेळ बाई परवडत नव्हती आणि एका घराच्या पैशात माझं भागत नव्हतं. या दोन अडचणी एकमेकींना बरोबर बसल्या, तिथून हे काम उभं राहिलं.

अनेक घरं एकदम धरली की खरा प्रश्न पैशाचा येतो. सुरुवातीला आलेल्या दिवसाचे पैसे, असा हिशोब होता. कुणाची मावशी गावाहून आली, कुणाची शिफ्ट बदलली की आदल्या रात्री निरोप यायचा, "उद्या राहू दे." पण तो दिवस मी त्यांच्यासाठी ठेवलेला असायचा, दुसऱ्या घराला नाही म्हटलेलं असायचं. शेवटी नियम केला : दिवस राखला की त्याचे पैसे, आम्ही येवो अगर तुम्ही नको म्हणा. आमच्याकडून खाडा झाला तर तेवढे कापायचे. पोरगं दोन दिवस शाळेला गेलं नाही म्हणून रिक्षावाले काका महिन्याचे पैसे कमी करत नाहीत, हे मी प्रत्येक घरी सांगितलं. एका घराला पटलं नाही, त्यांनी काम बंद केलं. बाकीची आजही आमच्याशी जोडलेली आहेत. या कामातल्या प्रत्येक बाईला माझं सांगणं आहे की हा नियम पहिल्याच भेटीत, नवरा-बायको दोघं समोर असताना बोलून घ्यावा. मागाहून काढला की तो भांडणासारखा वाटतो.

दुसरा प्रश्न तापाचा. एका घरच्या मुलाला ताप, उलट्या, डोळे आलेले किंवा अंगावर पुरळ असेल आणि मी तिथून थेट पाच महिन्यांच्या बाळाकडे गेले, तर ते दुखणं माझ्याच हातांनी जायचं. पावसाळ्यात मुलांच्या तोंडात आणि हातापायांवर फोड येतात, तो आजार लाळेतून, शीतून, फोडांच्या पाण्यातून पसरतो. म्हणून आम्ही दिवसाचा क्रम ठरवला. सगळ्यात लहान बाळाचं घर सकाळी, बालवाडीच्या वयाचं मूल दुपारी. पिशवीत कपड्यांचा एक जोड जास्तीचा, घरात पाऊल टाकलं की आधी साबणाने हात. कुठल्याही घरी ताप निघाला तर बाकीच्या घरांना कळवायचं, मात्र ताप कुठल्या घरी निघाला हे सांगायचं नाही. कोल्हापूर मोठं झालं तरी राजारामपुरी आणि ताराबाई पार्क एकमेकांच्या नात्यागोत्यात आहेत. एका घरात पाहिलेलं दुसऱ्या घरात बोललं की त्या बाईवर पुन्हा कुणी विश्वास ठेवत नाही.

2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळते. त्यातले 8 आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात, आणि पुष्कळ जणींना शेवटच्या महिन्यात ते घ्यावेच लागतात. त्यामुळे आई कामावर जाते तेव्हा बाळ चार-पाच महिन्यांचं असतं, अजून पूर्ण अंगावरचं पिणारं. मग काढून ठेवलेलं दूध आमच्या हाती येतं. बाहेर ठेवलं तर चार तासांच्या आत वापरायचं, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. फ्रिजमध्ये चार दिवस. गॅसवर कधीच तापवायचं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवायची. बाळाने पिऊन उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्यायचं, आईला कितीही जिवावर आलं तरी. हे सगळं प्रत्येक घरच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. त्याखाली रोजचं : किती वाजता पाजलं, शी-शू, झोप, आज नवीन काय केलं.

मधाच्या बोटावरून आजींशी ताण यायचा. वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातून लहान बाळांना जिवावरचा आजार होऊ शकतो, हे खरं असलं तरी माझ्यासारखीनं ते आजींना शिकवणं बरं दिसत नाही. आम्ही बालरोगतज्ज्ञांकडून तसं लिहून आणायला आईला सांगतो आणि तो कागद फ्रिजवर लागतो. आजींच्या मांडीवरचं न्हाऊ घालणं मात्र मी त्यांच्याकडूनच शिकले. तशी धरण्याची सफाई कुठल्या प्रशिक्षणात मिळणार नाही.

घरं वाढली तशी माझ्याच जुन्या शाळेतली एक मैत्रीण सोबत आली, मग तिच्या ओळखीच्या आणखी दोघी. 2022 मध्ये प्लेग्रुप पुन्हा उघडले, बोलावणंही आलं. मी गेले नाही. आईबापांनी माझ्यावर आपला आठवडा बेतला होता. छोट्या व्यवसायांची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट झाली, आणि दहापेक्षा कमी माणसं असल्याने दुकाने-आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देऊन भागलं. येणाऱ्या प्रत्येक बाईची पोलीस पडताळणी होते. बाळाची भांडी आणि कपडे आम्ही करतो, घरची धुणीभांडी नाही, रात्रपाळी नाही.

प्रत्येक घराला आमच्याकडच्या दोघी माहीत असतात. साधारण आठव्या महिन्याच्या आसपास बाळं अनोळखी माणसाला बुजायला लागतात, म्हणून दुसरीची ओळख त्याआधीच करून देतो. महिन्यातून एकदा ती तासभर खेळून येते, तिचे पैसे आम्ही देतो. पहिलीचं स्वतःचं पोर आजारी पडलं तरी तिला रजा मागताना जीव मुठीत धरावा लागत नाही. मला या पद्धतीचा सगळ्यात जास्त अभिमान आहे.

जुलै 2021 च्या पुरात आमची कसोटी लागली. पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, शिरोलीजवळ रस्ता बंद, आणि एका बाळाचे आईवडील पलीकडे अडकले. बाळ त्यांच्या शेजारच्या काकूंकडे आणि आमच्याकडे मिळून राहिलं. तेव्हापासून प्रत्येक अर्जावर तिसरं नाव असतं : तुम्ही दोघंही येऊ शकला नाहीत तर बाळ कुणाकडे द्यायचं. आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला आलं की दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली या भागांतल्या आमच्या बायकांचं काम त्याच दिवशी दुसरीकडे सोपवतो. 43 फुटांची धोका पातळी येईपर्यंत थांबलं तर त्यांना आधी स्वतःचंच घर हलवायचं असतं.

50 किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय करायची, असं बाळंतपणाच्या रजेचाच कायदा सांगतो. पण शिवाजी उद्यमनगरातल्या कितीतरी छोट्या वर्कशॉपमध्ये पाच-दहा माणसं असतात, त्यांतल्या बायकांच्या मुलांना ही तरतूद लागू होत नाही. घरी बाई ठेवणं त्यांना परवडणारं नाही. तिथल्या मालकांनी मिळून थोडा थोडा वाटा उचलावा आणि आम्ही पाळणाघर चालवावं, असं बोलणं सुरू आहे. खोली तळमजल्याची हवी, दोन दारांची, आणि लेथच्या आवाजापासून थोडी लांब. भाड्याचं जमलं तर पहिली सहा बाळं घ्यायची तयारी आहे.