खोलीत आणखी कोण होतं?

शुक्रवार, रात्रीचे सव्वाअकरा. कोपरी.

पुरुषांच्या हिंसेवरच्या माझ्या अभ्यासासाठीची आजची मुलाखत ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या मागच्या वस्तीत, बालवाडीच्या खोलीत झाली. संध्याकाळी खोली रिकामी असते म्हणून बालवाडीच्या ताईंनी किल्ली दिली. बसायला पोरांच्या बुटक्या खुर्च्या, भिंतीवर अननस आणि आगगाडीचे तक्ते. समोर पस्तिशीतला माणूस, गुडघे छातीशी आलेले. 'हाफ मर्डर'मध्ये, म्हणजे खुनाच्या प्रयत्नासाठी, तुरुंगात सात वर्षं काढून आलाय. १ जुलै २०२४ पासून या गुन्ह्याचं जुनं कलम ३०७ नव्या न्याय संहितेत १०९ झालं, पण वस्तीत अजून 'तीनशेसात'च चालतं. खटला चालू असलेल्या माणसाला मी घटनेबद्दल एक अक्षर विचारत नाही. माझ्या वहीला कायद्याचं कवच नाही. कोर्टाने मागितली तर ती द्यावी लागेल. या माणसाची शिक्षा भोगून झाली आहे. इथे त्याची ओळख पटेल असं सगळं मी बदललंय, आणि लिहू का, हेही त्याला विचारलंय.

तो एकटा आला नव्हता. सोबत मित्र होता, दाराला टेकून उभा.

सुरुवातीला त्याने सगळं उभं राहून सांगितलं, हातवारे करत. कॅरमवरून वाद झाला. समोरचा म्हणाला, "घरी जा, बांगड्या भर." हा गॅरेजमधून थेट आलेला, पाना खिशातच होता. मित्र मधूनमधून भर घालत होता, "मॅडम, कोणाची टाप नव्हती तेव्हा याच्यासमोर उभं राहायची." मी लिहून घेत होते. असं सांगणं मी इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं वाक्य मला आधीच कळतं.

मग मित्राला फोन आला आणि तो खाली गेला. हा खुर्चीत बसला. अननसाच्या तक्त्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, मला निघायचं होतं तिथून. एक चप्पल सापडत नव्हती. अनवाणी गेलो असतो तर जन्मभर तेच ऐकलं असतं. सगळे बघत होते ना."

दोन-तीन मिनिटं तो असाच बोलला, हळू. हात कापत होते म्हणाला. जिन्यावर मित्राची पावलं वाजली तशी पाठ ताठ झाली आणि आवाज पुन्हा चढला.

घरी येताना रिक्षात, मग जेवताना, तेच डोक्यात.

वर्तमानपत्रात रोज एक शब्दप्रयोग असतो : 'क्षुल्लक कारणावरून'. क्षुल्लक कारणावरून भोसकले, क्षुल्लक कारणावरून खून. मार्व्हिन वोल्फगांग या अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये फिलाडेल्फियातल्या ५८८ खुनांचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यालाही हेच दिसलं होतं : धक्का लागला, शिवी दिली, आणि माणूस गेला. त्याने एक गोष्ट मात्र नीट बजावली होती, की कोणत्या शब्दाला आणि कोणत्या धक्क्याला किती किंमत, हे भोवतालची माणसं ठरवतात. मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला 'क्षुल्लक' हा शब्द वहीतून खोडायला लावते. चप्पल क्षुल्लक असेल, पण चप्पल सोडून पळालेला हे नाव जन्माला चिकटतं. पुढे १९७७ मध्ये लकेनबिल या अमेरिकी अभ्यासकाने कॅलिफोर्नियातली खुनाची ७० प्रकरणं पायरी-पायरीने उलगडून दाखवली. तिथेही भोवती उभी असलेली माणसं होती. कोणी चिथावत होतं, कोणी हत्यार पुढे करत होतं, कोणी नुसतं गप्प उभं होतं, आणि त्या गप्प बसण्यालाही लढणाऱ्यांनी संमतीच मानलं होतं.

हे वाचून मी या विषयात पडले असं म्हटलं तर ते खोटं होईल. वर्तकनगरच्या आमच्या चाळीत एक काका होते. गणपतीची आरास त्यांच्याइतकी सुंदर कोणी करत नसे, आम्हा पोरींना ते थर्माकोल कापायला शिकवायचे. तेच काका महिन्यातून दोनदा काकूंना मारायचे. त्या वेळी चाळीतल्या सगळ्या घरांत टीव्हीचा आवाज वाढायचा, आमच्याही. दुसऱ्या दिवशी काकू नळावर यायच्या आणि आई त्यांना आधी पाणी भरू द्यायची. तेवढंच. तो माणूस राक्षस असता तर मला काहीच प्रश्न पडला नसता.

देशातल्या तुरुंगांत दर १०० कैद्यांमागे साधारण ९६ पुरुष असतात. इतका उघडा आकडा, तरी गुन्हेशास्त्राने पुरुष असणं हा प्रश्नच किती उशिरा विचारला! गरिबी मोजली, दारू मोजली, वस्ती मोजली. मेसरश्मिट या अमेरिकी अभ्यासकाने १९९३ मध्ये सरळ मांडलं, की पुरुषपण सिद्ध करायचे बाकीचे रस्ते बंद झाले की हिंसा हा हाताशी उरलेला रस्ता होतो. वागळेत हे पुस्तकाशिवाय दिसतं. १९६२ नंतर उभ्या राहिलेल्या या एमआयडीसीत ज्यांचे वडील कायम नोकरीत होते, पगार, पीएफ, दिवाळीला बोनस, त्यांची मुलं आज रोजंदारीवर किंवा डिलिव्हरीवर. वडिलांना कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून मिळत होता तो मान या मुलाने कॅरमच्या बोर्डाभोवती शोधला. हे सांगताना मी त्याचा गुन्हा हलका करत नाही. ज्याच्या डोक्यात पाना बसला तो माणूस आजही एका कानाने ऐकतो.

पण घरातल्या मारहाणीत गर्दी कुठे असते? दार तर बंद असतं. याचं उत्तर मला अनेक वर्षं जमलं नाही. मग लक्षात आलं की नवरे बोलताना सतत कोणाचं तरी नाव घेतात. "भाऊ म्हणाला, बायकोच्या मुठीत आहेस." "मित्र हसले." गर्दी ते घरी डोक्यातून घेऊन येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ४४ टक्के पुरुष आणि ४५ टक्के बायका, काही ना काही कारण असेल तर नवऱ्याने मारणं बरोबर, असं म्हणाल्या. बायकांचा आकडा पाहून मी हादरले होते. आता नळावरची रांग आठवते.

गेली २२ वर्षं मी प्रत्येकाला विचारत आले, "तेव्हा तिथे कोण बघत होतं?" माझं सगळं काम या एका प्रश्नावर उभं आहे. आज पहिल्यांदा तो प्रश्न माझ्याकडे वळला. मुलाखत चालू असताना कोण बघत होतं? दारातला मित्र. आणि मी, वही घेऊन बसलेली, शिकलेली बाई, जिच्यासमोर भित्रा दिसायचं नाही. त्याने मला जे उभं राहून सांगितलं आणि जे बसून सांगितलं, त्यात सात वर्षांच्या शिक्षेएवढं अंतर आहे.

साडेनऊला माळ्यावरची पेटी उतरवली. एकतीस वह्या. मुलाने विचारलं, "आई, एवढ्या रात्री काय शोधतेस?" त्याला झोपायला पाठवलं. प्रत्येक मुलाखतीच्या वर तारीख, जागा, वय, किती वेळ, सगळं नीट आहे. खोलीत आणखी कोण होतं ही नोंद पहिल्या नऊ वह्यांत कुठेही नाही. दहाव्या वहीत एकदा आहे : 'शेजारी लहान भाऊ झोपलेला.' त्या मुलाखतीत तो मुलगा रडला होता.

अकरावी वही आता उघडते.