दुसरा फ्लॅट भाड्याने देणं परवडतं का?

"पुण्यात दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचा म्हणतोय, परवडेल का?" तुम्ही विचारलंत म्हणून आधी हिशेबच मांडू.

समजा फ्लॅट ८० लाखांचा, भाडं २२ हजार. भाडेकरू बदलताना महिनाभर घर रिकामं राहतंच. म्हणजे वर्षाला हाती २ लाख ४२ हजार. त्यातून एजंटचं एक भाडं, मेंटेनन्सचे ३६ हजार, मिळकतकराचे १५ हजार, रंग-प्लंबिंगचे १५ हजार वजा करा. उरले १ लाख ५४ हजार. फ्लॅटच्या किमतीवर दोन टक्केही सुटत नाहीत, आणि प्राप्तिकर व्हायचाच आहे. शिवाय मिळकतकरातली ४० टक्के सवलत मालक स्वतः राहत असेल तरच. भाडेकरू आला की ती गेली. आता दोन हजार वाढवून मिळावेत म्हणून घर दोन महिने अडवून ठेवलं, तर वर्षाच्या २४ हजारांसाठी ४४ हजार घालवले. हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार, तरी बरेच मालक तो हौसेनं करतात.

दुसरं म्हणजे करार. '११ महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?' हे महाराष्ट्रात चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं. ते खोटं ठरवणं तुमच्या गळ्यात. रीतसर लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना देणारा करार असेल तर मुदतीनंतर न हलणाऱ्याला कलम २४ खाली दुप्पट शुल्क लागतं आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो. खर्च म्हणाल, तर एक लाख डिपॉझिट धरून ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क साधारण सव्वासहाशे रुपये, नोंदणी फी हजार. मुदत संपल्यावर नवा करार न करता भाडं घेत राहू नका.

सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क लावेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत. बिल तपासा.

किल्ली देताना वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो, पंखे-गीझर चालू करून व्हिडिओ, आणि सिंकखालचा पाइप कोरडा आहे का ते हात लावून बघा. बाथरूमच्या फरशीच्या सांध्यातला ग्राउट गेला असेल तर आधी भरून घ्या. नाहीतर खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते, आणि तो शेजारी भाडेकरूला नाही, तुम्हाला फोन करतो. भाडेकरू जाताना शेवटचं वीजबिल ग्राहक क्रमांक टाकून ऑनलाइन बघा, मगच डिपॉझिटचा चेक लिहा.