पोत्यांच्या काट्यावर

मागच्या महिन्यात वाशीच्या दाणाबंदरात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हेल्थ कॅम्प होता, मी डाएटिशियन म्हणून उंची-वजन-कंबर मोजायला. सकाळी साडेसातलाच आमच्या वजनकाट्याचा सेल गेला, समोर पन्नास माणसं लाईनीत. एक माथाडी दादा म्हणाले, "म्याडम, आमच्या काट्यावर घ्या की, पोती बसतात तर माणूस नाय बसणार का!" मग काय, गाळ्यातल्या पोत्यांच्या काट्यावरच सगळ्यांना उभं केलं.

पहिला नंबर त्याच दादांचा. उंची १६५ सेंमी, वजन ७४. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, २७ च्या वर. आपल्याकडे २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, बाहेर ते २५ आणि ३० असतं. म्हणून मी सवयीने फॉर्मवर लाल टिक मारली आणि सांगून टाकलं की तुमच्या उंचीला ५० ते ६२ किलो बरोबर. मागून हशा. "६२ किलोच्या माणसानं ५० किलोचं पोतं घ्यायचं होय?" खरं सांगते, उत्तर नव्हतं माझ्याकडे. टेप लावला तर कंबर ८४ सेंमी, पुरुषांची मर्यादा ९०. खांदे आणि मांड्या बघितल्या असत्या तर टेपचीही गरज नव्हती म्हणा.

त्यानंतर गाळ्यातले मेहताजी आले, दिवसभर खुर्चीवर बसून हिशोब लिहिणारे. १६८ उंची, ६४ वजन, बीएमआय २२.७, एकदम हिरव्या रकान्यात. खूश होऊन निघालेच होते, मी म्हटलं थांबा, कंबर राहिली. त्यांनी पँट पोटाखाली घातलेली, म्हणाले ३४ इंच लिहा ना. असं नसतं हो, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, आणि श्वास सोडून. तीनदा पोट आत घेतलं त्यांनी! चौथ्यांदा बोलण्यात गुंतवलं तेव्हा कुठे ९६ सेंमी आली. रँडम शुगर २१२. रात्री लघवीला किती वेळा उठता विचारलं तर "ते वयामुळे" म्हणे, वय ४४. उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) करायला चिठ्ठी दिली.

पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. कॉलेजात हे पाठ करून मार्क मिळवलेत मी, आणि तरी लाल पेन आधी चाललंच. बीएमआयचं सूत्र ज्याचं, तो केटले तर मुळात खगोलशास्त्रज्ञ, त्याला अख्ख्या लोकसंख्येची सरासरी हवी होती, एकट्या माणसाचं निदान नाही.

दुपारी माथाडी दादा फॉर्मची घडी घेऊन परत आले. "ती लाल खूण खोडा, बायको बघंल." खाली कार्बन होता, खोडता येईना. शेजारी मोठ्या अक्षरात "कंबर ८४, ठीक" लिहून सही केली. त्यांनी वाचलं, घडी टोपीत ठेवली आणि पुढचा ट्रक खाली करायला गेले.